तीनदा फॉरमॅट मारला तरी घरी नेला की परत तेच, शेवटी चोर सापडला तो असा

आधी लक्षणं सांगतो, जुळत असतील तरच पुढं वाचा. ब्राउझर उघडून काहीही बघायला गेलं की दोन-चार क्लिकनंतर भलतंच पान उघडतं, कधी रमीचं नायतर सट्ट्याचं, कधी लालभडक पान की तुमच्या कॉम्प्युटरला व्हायरस लागलाय, बंद करू नका, या नंबरवर फोन करा, आणि वर भोंगा वाजतोय. दर वेळी होत नाही, मधेच होतं, कुणाला दाखवायला गेलं की नेमकं होत नाही. अँटिव्हायरस चालवला तर सगळं हिरवं. फॉरमॅट मारला तरी फरक शून्य.

माझं सोलापुरात अशोक चौकाच्या अलीकडं कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. गिऱ्हाईक म्हणजे नीलम नगरचे एक अण्णा, खाली आठ लूम, टॉवेल निघतात, वर घर. वरच्या कॉम्प्युटरवर वहिनी, म्हणजे त्यांची सून, बिलं आणि जीएसटीचं बघतात. त्या मशीनचं कॅबिनेट उघडलं की फॅनवर एवढी रुई साठलेली असते की वाती वळून देवापुढं लावाव्यात. पहिल्यांदा आणलं तेव्हा रुई काढली, फॉरमॅट मारला, चारशे घेतले. आठ दिवसांनी परत. दुसऱ्यांदा मला वाटलं माझ्या पेनड्राईव्हमधल्या विंडोजमध्येच काहीतरी लोचा असणार, म्हणून नवीन डाऊनलोड करून टाकली, परत चारशे. तिसऱ्यांदा अण्णांनी टेबलावर सीपीयू ठेवला आणि काही बोललेच नाहीत, नुसतं बघत राहिले. त्या वेळी पैसे मागायची लाज वाटली.

आणि दुकानात ते मशीन एकदम शहाणं हो. दिवसभर चालू ठेवलं, पेपर वाचले, क्रिकेटचा स्कोर बघितला, मुद्दाम चार-दोन फालतू साईटवर पण जाऊन आलो, एक पॉपअप नाही. दवाखान्याच्या पायरीवर पोराचा ताप उतरतो तसला प्रकार. अण्णा म्हणाले, "तुझ्याकडं आलं की गप बसतंय बे हे, माझ्याच घरात भूत हाय का काय?" मी हसण्यावारी नेलं, पण उत्तर त्यातच होतं आणि ते माझ्या डोक्यात यायला चौथी खेप लागली. दुकानात आणि घरी मशीन तेच, विंडोज तीच, ब्राउझर तोच, बदलत होती ती फक्त नेटची वायर.

चौथ्यांदा मी सीपीयू आणू दिला नाही, स्वतःच गेलो. वर गेलो तर वहिनी सहज बोलून गेल्या की माझ्या मोबाईलवर पण तसली पानं येतात, पण ते पोरांनी गेम टाकलेत म्हणून असेल. मोबाईल अँड्रॉईड, कॉम्प्युटर विंडोज, दोघांना एकच रोग कसा होईल? दोघांत सामाईक एकच गोष्ट, घरातलं वायफाय.

म्हणून ज्यांना हा त्रास आहे त्यांनी फॉरमॅटच्या आधी हे करा, फुकट आहे आणि पंधरा मिनिटांचं काम आहे. मोबाईलचा हॉटस्पॉट चालू करा, कॉम्प्युटर त्याच्यावर जोडा आणि पंधरा-वीस मिनिटं नेहमीसारखं वापरा. यात एक गोम आहे, मोबाईलचं स्वतःचं वायफाय बंद करून मोबाईल डेटावर ठेवा, कारण काही नवे फोन घरचंच वायफाय हॉटस्पॉटमधून पुढं ढकलतात, मग टेस्टला अर्थ राहत नाही. आणि जोडल्यावर सीएमडी, म्हणजे विंडोजची ती काळी कमांडची खिडकी, उघडून आयपीकॉन्फिग, स्पेस, स्लॅश, फ्लशडीएनएस एवढं मारा, म्हणजे जुने लक्षात ठेवलेले पत्ते पुसले जातात, ब्राउझरपण एकदा बंद करून उघडा. हॉटस्पॉटवर पण पॉपअप येत असतील तर दोष मशीनमध्ये, आणि त्यातही नव्वद टक्के वेळा मी बघितलंय ते म्हणजे कुठल्यातरी साईटला नोटिफिकेशनची परवानगी दिलेली असते नायतर ब्राउझरमध्ये एखादं एक्स्टेन्शन, म्हणजे वरून चिकटवलेला छोटा प्रोग्रॅम, घुसलेलं असतं. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये नोटिफिकेशनची यादी उघडून अनोळखी नावं उडवा, एक्स्टेन्शन काढा, विंडोजच्या प्रॉक्सी सेटिंगमध्ये (नेट मधल्या दुसऱ्याच सर्व्हरवरून फिरवायची जागा) कुणी काही भरून ठेवलंय का बघा, होस्ट्स फाईल, म्हणजे साईटचे पत्ते हातानं लिहून ठेवायची विंडोजची फाईल, तीपण बघा. त्याला फॉरमॅट लागत नाही. पण हॉटस्पॉटवर सगळं शांत आणि घरच्या नेटवर आलं की सुरू, तर मशीनला हात लावू नका, नेटच्या डब्याकडं जा.

अण्णांकडं हॉटस्पॉटवर सगळं शांत.

मग डबा. फायबरचा तो पांढरा डबा, ओएनटी म्हणा ओएनयू म्हणा, आमच्याकडं सगळे राऊटरच म्हणतात, टीव्हीच्या मागं खिळ्याला अडकवलेला. कॉम्प्युटरमध्ये आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल मारलं तर डीएनएस सर्व्हर (साईटच्या नावावरून आकड्यांचा पत्ता सांगणारा, खाली सांगतो) त्याच्यासमोर १९२.१६८.१.१, म्हणजे डब्याचाच पत्ता, वरवर बघता एकदम सोज्वळ. इथंच बरेच जण फसतात, डीएनएस राऊटरकडून येतोय म्हणजे ठीक आहे म्हणून सोडून देतात. पण राऊटर स्वतः कुणाला विचारतोय ते कुणी बघत नाही. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकलं, लॉगिन आलं, अ‍ॅडमिन आणि पासवर्डपण अ‍ॅडमिन, एका दमात आत. वॅनच्या, म्हणजे बाहेरच्या नेटच्या सेटिंगच्या, पानावर डीएनएसच्या दोन ओळी. खालची ८.८.८.८, ती गुगलची, ओळखीची. वरची मात्र भलतीच, नेटवाल्याला फोन करून विचारलं तर म्हणाला आमचा नाही साहेब हा. चोराची हुशारी बघा, पहिला पत्ता स्वतःचा ठेवला आणि दुसरा खरा, म्हणजे त्याचा सर्व्हर बंद पडला तरी घरातलं नेट चालू राहतं आणि कुणाला संशय येत नाही.

ज्यांना डीएनएस म्हणजे काय माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. तुम्ही साईटचं नाव टाकता, पण कॉम्प्युटरला लागतो आकड्यांचा पत्ता, तो सांगणारा म्हणजे डीएनएस. नव्या गावात रिक्षा स्टँडवर पत्ता विचारावा तसं. आता स्टँडवर उभा असलेला माणूसच ठगाचा असेल तर तुमची गाडी कितीही चांगली असो, तुम्ही पोचणार ठगाच्याच दारात. म्हणून अँटिव्हायरसला काही सापडत नव्हतं, गाडीत बिघाड नव्हताच. बहुतेक साईट खऱ्याच उघडायच्या, जाहिराती जिथून येतात ते पत्ते तेवढे बदललेले, म्हणून ते मधेच व्हायचं. हा धंदा काही नवा नाही, डीएनएसचेंजर नावाचा एक प्रकार होता, २०११ मध्ये एफबीआयनं ती टोळी पकडली, आणि अडकलेल्या मशीनांचं नेट एकदम बंद पडू नये म्हणून त्या टोळीच्या सर्व्हरच्या जागी चांगले सर्व्हर जुलै २०१२ पर्यंत चालू ठेवावे लागले.

बँकेचं काय, हा वहिनींचा पहिला प्रश्न. खोटा डीएनएस तुम्हाला बँकेच्या नावाखाली दुसऱ्याच पानावर नेऊ शकतो, पण त्याच्याकडं बँकेचं खरं सर्टिफिकेट, म्हणजे साईटचं ओळखपत्र, नसतं, म्हणून ब्राउझर कनेक्शन प्रायव्हेट नाही म्हणून ओरडतो. ते पान आलं की तिथंच थांबायचं, खालच्या बारक्या अक्षरातलं तरीही पुढं जा दाबायचं नाही. वहिनींनी दाबलं नव्हतं आणि लाल पानावरच्या नंबरलापण फोन लावला नव्हता, नाहीतर पलीकडचा माणूस गोड बोलून मशीनचा ताबा घेतो आणि मग खातं साफ. कुणाचं झालंच असेल तर लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाईनला, फोन करा, तासाभरात केलेल्या फोनला जो अर्थ असतो तो दुसऱ्या दिवशीच्या फोनला नसतो.

आता मुख्य प्रश्न, डब्यात कुणी घुसलं कसं? सोलापुरात एवढ्या घरांत अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन डबे लटकलेत, अण्णांचाच का सापडला?

अण्णांना विचारलं, नेटमध्ये मागच्या दोन-तीन महिन्यांत काही बदल केला का. आधी नाही म्हणाले. मग आठवलं, पुण्यातल्या पोराला खालचे लूम मोबाईलवर बघायचे होते म्हणून कॅमेरे बसवले, कॅमेरेवाल्यानं सांगितलं स्टॅटिक आयपी, म्हणजे कायम एकच राहणारा बाहेरचा पत्ता, घ्या, नेटवाल्यानं जादा पैसे घेऊन दिला. पहिला पॉपअप त्यानंतर पंधरा दिवसांत.

हे नीट समजून घ्या, कारण नेट कुठल्या प्रकारचं आहे त्यावर तुमच्या घराला बाहेरून दार आहे की नाही ते ठरतं, आणि हे आम्हा दुरुस्तीवाल्यांना पण कुणी शिकवलेलं नाही.

मी नवी पेठेतल्या एका कॅफेत शिकाऊ होतो, डायल-अपचा जमाना, छप्पन्न केबीपीएसचा मोडेम, की की की घर्र करून लागायचा. तेव्हा वाटायचं एवढ्या हळू नेटवर कोण कशाला येईल. पण डायल केलं की बाहेरचा पत्ता थेट कॉम्प्युटरलाच मिळायचा, मधे राऊटर वगैरे काही नाही. २००३ च्या ऑगस्टमध्ये ब्लास्टर नावाचा, नेटवरून आपोआप पसरणारा किडा आला. ताजी विंडोज एक्सपी टाकायची, पॅच, म्हणजे मायक्रोसॉफ्टची दुरुस्ती, उतरवायला नेट लावायचं, आणि पॅच पूर्ण उतरायच्या आत स्क्रीनवर खिडकी, साठ सेकंदांत मशीन बंद होईल, एकोणसाठ, अठ्ठावन्न. कुणी काही क्लिक केलेलं नाही, मेल उघडलेला नाही, नुसतं नेटला लावलं हाच गुन्हा. शेवटी रनमध्ये शटडाऊन डॅश ए मारून घड्याळ थांबवायचं आणि देवाचं नाव घेत पॅच उतरू द्यायचा. एक्सपीत फायरवॉल, म्हणजे बाहेरच्याला अडवणारी भिंत, होती पण बंद, ती आपोआप चालू मिळायला लागली सर्व्हिस पॅक दोनपासून, २००४ च्या ऑगस्टला. डायल-अपला एकच जमेची बाजू, बिलाच्या भीतीनं लोक अर्ध्या तासात तोडायचे आणि दर वेळी पत्ता नवा.

मग ब्रॉडबँड आलं, चोवीस तास चालू. फोनच्या वायरवरचा तो मोडेम बऱ्याच घरांत ब्रिज मोडमध्ये बसवलेला असायचा, म्हणजे युजरनेम-पासवर्ड कॉम्प्युटरमध्ये टाकून तिथून डायल करायचं. धोका डायल-अपचाच, फक्त आता दिवसभर. तोच मोडेम राऊटर मोडमध्ये टाकला की बाहेरचा पत्ता मोडेमला आणि घरात १९२.१६८ वाले आतले पत्ते, बाहेरून कुणी टकटक केली तर मोडेमला कळतच नाही कुणाकडं पाठवायचं, तो सोडून देतो. याला नॅट म्हणतात. नॅट काही सुरक्षेसाठी बनवलेलं नाही, पत्ते कमी पडले म्हणून केलेली सोय आहे, पण फुकटात दाराला कडी मिळाली.

केबलवाल्याचं नेट हा वेगळाच प्रकार होता. खांबावर डब्यात स्विच टांगलेला, तिथून सगळ्या गल्लीत निळ्या वायरी. बाहेरचा चोर लांब राहिला, इथं शेजारीच नेटवर्कात. जुळे सोलापुरातल्या एका गिऱ्हाईकाच्या मशीनवर नेटवर्क उघडलं तर समोरच्या बिल्डिंगमधल्या कुणाच्यातरी लग्नाचे फोटो, हळदीपासून पाठवणीपर्यंत, सगळे उघडे. फोल्डर शेअर करून ठेवलेला आणि पासवर्ड नाही. २०१७ च्या मे मधला वॉनाक्राय, फाईलींना कुलूप लावून खंडणी मागणारा व्हायरस, असाच फाईल शेअरिंगच्या पोर्टावरून, म्हणजे ४४५ वरून, एका मशीनवरून दुसऱ्यावर गेला, पॅच मार्चमध्येच आलेला होता पण टाकतंय कोण. अजून ज्यांच्याकडं असं नेट आहे त्यांनी विंडोजमध्ये त्या कनेक्शनचं प्रोफाईल पब्लिक ठेवा, प्रायव्हेट नको. विषय संपला.

आता आजचं, फायबर आणि मोबाईल. बाहेरचे पत्ते महाग झालेत म्हणून कंपन्या शेकडो घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात, त्याला सीजीनॅट म्हणतात. घरात नॅट, वर कंपनीकडं परत नॅट. अख्ख्या पेठेला एकच वेस असल्यासारखं, बाहेरच्याला तुमच्या घराचा नंबरच कळत नाही. अण्णांचं नेट आधी असंच होतं, म्हणून वर्षानुवर्षं अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन चाललं. म्हणून कॅमेरेपण बाहेरून दिसत नव्हते, आणि म्हणून स्टॅटिक आयपी घ्यायला लावला. स्टॅटिक आयपी म्हणजे वेशीच्या बाहेर हमरस्त्यावर नावाची पाटी लावून बसणं. जगभर रात्रंदिवस मशीनं नुसती पत्त्यामागून पत्ते ठोठावत असतात, त्यांना अण्णा कोण ते माहीत नसतं, पाटी दिसली की दार ढकलून बघायचं, अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन लागलं की आत. त्यात त्या डब्यात रिमोट मॅनेजमेंट चालू, म्हणजे सेटिंगचं पान बाहेरूनही उघडत होतं. मी खात्री करायला माझ्या मोबाईल डेटावरून अण्णांचा स्टॅटिक आयपी टाकला, त्यांच्या डब्याचं लॉगिन पान माझ्या फोनवर आलं. पोटात गोळाच आला बघा.

तुमचं कुठलं ते असं बघा. राऊटरच्या वॅन किंवा स्टेटस पानावर जो आयपी आहे तो लिहून घ्या, मग कुठल्याही माझा आयपी काय वाल्या साईटवर जो दिसतो तो बघा. दोन्ही एकच असतील तर तुमच्या दाराला पाटी आहे. वेगळे असतील आणि राऊटरवरचा १०० पॉईंट ६४ ते १०० पॉईंट १२७ च्या मधला किंवा १० नं सुरू होणारा असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या आत आहात. पण आत आहात म्हणून पाय पसरून झोपू नका. एक म्हणजे त्याच कंपनीचं दुसरं गिऱ्हाईक तुमच्यापर्यंत पोचू शकतं, कंपनीनं मधे अडसर घातला नसेल तर. दुसरं, तुम्ही आतून एखादी घाणेरडी साईट उघडली की तिच्यातला कोड तुमच्याच ब्राउझरकडून १९२.१६८.१.१ ला अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन टाकून बघतो, तिथं नॅट काय करणार, चोर घरातल्याच माणसाच्या हातानं कडी काढतोय. तिसरं, आयपीव्ही६, म्हणजे पत्त्यांची नवी पद्धत. त्यात नॅटची गरजच नाही, घरातल्या प्रत्येक यंत्राला स्वतःचा बाहेरचा पत्ता मिळतो, म्हणून राऊटरमध्ये आयपीव्ही६ फायरवॉल नावाचा टिक असेल तर चालू आहे का बघा.

दुरुस्ती. पहिली गोष्ट, फायबर काढा. हिरव्या टोकाची ती बारीक वायर हळूच ओढायची, टोकात डोळा घालून बघायचं नाही, आतला लेसर दिसत नाही पण डोळ्याला इजा करू शकतो. लाल लाईट लुकलुकायला लागेल, लागू दे. हे आधी का, तर रीसेट केल्यावर डबा परत अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन होतो आणि फायबर लागलेली असेल तर तेवढ्या पाच मिनिटांत परत कुणी घुसू शकतं. रीसेटच्या आधी वॅनच्या पानाचा मोबाईलवर फोटो काढा, पीपीपीओईचं, म्हणजे नेटवाल्याकडं लॉगिन व्हायचं, युजरनेम आणि व्हीलॅनचा आकडा (नेटवाल्यानं लाईनला दिलेला) त्यात असतो, पासवर्ड ठिपक्यांत असतो तो नेटवाल्याकडून मागून ठेवा, नाहीतर रात्रभर बिननेटचे बसाल आणि शिव्या मला. मग रीसेटच्या भोकात पिन खुपसून दहा सेकंद दाबायचं. लॅन वायरनं कॉम्प्युटर जोडून आधी अ‍ॅडमिनचा पासवर्ड लांबलचक करा, रिमोट मॅनेजमेंट बंद, टेलनेट (लांबून कमांड द्यायची जुनी वाट) दिसलं तर बंद, यूपीएनपी (घरातली यंत्रं स्वतःच बाहेरचं दार उघडतात ते) बंद, डब्ल्यूपीएस (बटण नायतर पिननं वायफाय जोडायची सोय) बंद. डीएनएस हातानं भरा, १.१.१.१ किंवा ९.९.९.९ किंवा ८.८.८.८, जो आवडेल तो. वायफायचा पासवर्ड बदला, अण्णांचा मोबाईल नंबरच होता, जो खालच्या बोर्डवर रंगवलेला आहे. मग फायबर लावा.

स्टॅटिक आयपी परत केला. पोराला कॅमेरे दिसायला कॅमेऱ्याच्याच कंपनीचं अ‍ॅप लावलं, जे बाहेरच्या सर्व्हरवरून फिरून येतं. तेही काही सोवळ्यातलं नाही, तुमचं चित्र दुसऱ्याच्या दारातून जातं, पण निदान घराला भोक नाही. डीव्हीआरचा, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ठेवणाऱ्या डब्याचा, पासवर्ड कंपनीनं दिलेलाच होता, तो बदलला. २०१६ ला मिराई नावाच्या भानगडीत असलेच कॅमेरे, डीव्हीआर आणि राऊटर लाखांनी ताब्यात घेऊन अमेरिकेतल्या मोठमोठ्या साईट पाडल्या होत्या, सगळा खेळ कंपनीच्या आयत्या पासवर्डांवर. कॅमेरे गेस्ट नेटवर्कवर टाकले, म्हणजे बिलाच्या कॉम्प्युटरशी त्यांचा संबंध नको.

मला वाटलं जिंकलो. अण्णांनी कडक भाकरी आणि शेंगा चटणी बांधून दिली, घरी जाऊन खाल्ली.

अकराव्या दिवशी फोन. "परत आलं की रे तुझं भूत."

म्हणूनच हा सगळा प्रपंच लिहितोय, कारण एकदा दुरुस्त करून हे जात नाही. झालं होतं असं, एप्रिलची दुपार, लाईट तीनदा गेली-आली, नेट अडकलं. नेटवाल्याचं पोरगं आलं, त्यानं काय केलं, तर पिन खुपसली. सगळं मुळावर, अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन, रिमोट मॅनेजमेंट चालू, कारण त्यांना ऑफिसात बसून सेटिंग करायला ते सोपं पडतं. आणि स्टॅटिक आयपी कागदावर बंद झालेला पण लाईनवर अजून तोच, महिना संपेपर्यंत ठेवलाय म्हणे. पोराचा दोष नाही हो, त्याला दिवसाला पंचवीस घरं करायची असतात, चाळीस-बेचाळीस डिग्रीत खांबावर चढायचं असतं. पण त्याच्या एका पिनेनं माझी दुपारभराची मेहनत पाण्यात. त्यात एक कळलं, त्या डब्याला दोन लॉगिन असतात, एक आपलं आणि एक नेटवाल्याचं मोठं, आपण आपलं बदललं तरी त्यांचं तसंच, आणि ते बहुतेक सगळ्या गिऱ्हाईकांकडं एकच.

तेव्हा कायमचा इलाज हा केला. नेटवाल्याच्या डब्याला ब्रिज करायला सांगितला, म्हणजे त्यानं फक्त फायबरचं लॅनमध्ये रूपांतर करायचं, बाकी अक्कल चालवायची नाही. त्याच्यामागं अण्णांच्या पैशानं घेतलेला वेगळा काळा राऊटर, त्याच्यात पीपीपीओई, त्याचा पासवर्ड वहिनींच्या वहीत. आता नेटवाला त्याचा डबा रीसेट करो की बदलो, घराची कडी आपल्या राऊटरला आहे. एक चूक मात्र कुणी करू नका, डबा ब्रिज केला आणि राऊटर न घेता वायर थेट कॉम्प्युटरला लावली तर तुम्ही सरळ २००३ च्या कॅफेत जाऊन बसलात, बाहेरचा पत्ता थेट मशीनला. दोन हजारांच्या आसपास साधा राऊटर येतो, घ्या. घेताना त्याला कंपनीचे अपडेट अजून येतात का तेवढं बघा, आणि वर्षातून दोनदा तरी फर्मवेअर, म्हणजे राऊटरच्या आतलं सॉफ्टवेअर, अपडेट मारा.

कॉम्प्युटरमध्ये जे केलं ते थोडंच. फायरवॉल चालू, फाईल शेअरिंग बंद कारण घरात दुसरं मशीन नाही, रिमोट डेस्कटॉप बंद, कुणीतरी टॅलीवाल्यानं एनीडेस्क (लांबून मशीन चालवायचं सॉफ्टवेअर) टाकून कायमचा पासवर्ड ठेवला होता ते काढलं. अण्णांचं मशीन विंडोज दहावर आहे, त्याचा साधा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, अकरा चढत नाही इतका जुना प्रोसेसर आहे, म्हणून सध्या मायक्रोसॉफ्टच्या जादा मुदतीच्या अपडेटवर ठेवलंय आणि दिवाळीत नवं घ्यायचं ठरलंय. मोबाईलवरचे पॉपअप तर काही न करताच गेले, फक्त एकदा वायफाय विसरून परत जोडलं. कुणाला तरीही शंका असेल तर सरकारचं सायबर स्वच्छता केंद्र आहे, २०१७ पासून, तिथं बॉट, म्हणजे मशीन गुपचूप ताब्यात घेणारे प्रोग्रॅम, साफ करायची टूल्स फुकट मिळतात, तेवढं एकदा फिरवून घ्या.

आणि नेटवाल्याच्या डब्यावर जाड स्केच पेननं चिठ्ठी चिकटवली, पिन लावण्याआधी फोन करणे, खाली माझा नंबर. आता दोन महिने झाले, पॉपअप नाही. परवा वळिवाच्या पावसात लाईट गेली तेव्हा अण्णांचा फोन आला, "ते पोरगं आलंय, हातात पिन हाय, काय करू?" म्हणलं पांढऱ्या डब्यात खुपसू दे की अण्णा, फक्त काळ्याला हात लावला तर पिन काढून घ्या, चहा द्या, मी गाडी काढतोच.